आजोबांचा टेरिकॉटचा शर्ट: एका पावसाळ्यातलं प्रकरण

8 जुलै 2024, सोमवार. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. शाळांना सुट्टी जाहीर झाली, मध्य रेल्वेच्या गाड्या जागच्या जागी उभ्या. माझी भाची विक्रोळीहून करी रोडला उतरून लोअर परळच्या ऑफिसात जाते. त्या दिवशी ती स्टेशनपर्यंत गेली, अर्धा-पाऊण तास फलाटावर थांबली आणि पोटरीभर पाण्यातून परत आली. बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून तिने एक मिनिटाचा व्हिडिओ केला. आज काय घालून निघाले होते, त्यातलं काय भिजलं, काय कोरडं राहिलं, एवढंच त्यात होतं. असे व्हिडिओ ती दीड वर्षापासून टाकत होती. बघणाऱ्या बहुतेक तिच्यासारख्या गाडीने नोकरीला जाणाऱ्या मुली. त्या रात्रीपर्यंत त्या एका मिनिटाखाली तिच्या शरीराबद्दल जे लिहिलं गेलं आणि पुढे आम्ही काय केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय 25. मी शिवणकला शिकवते, त्याला 21 वर्षं झाली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव मात्र कुणाचंच देत नाही. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं, ती वाक्यं बदलली आहेत.

आधी तिच्या कपड्यांबद्दल, कारण सगळं तिथून सुरू झालं आणि त्याबद्दल कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही.

आमचे वडील, म्हणजे तिचे आजोबा, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. संपाच्या आधीच्या बऱ्या दिवसांत त्यांनी टेरिकॉटचे सात शर्ट शिवून घेतले होते. तपकिरी चौकडीचा, बाटली हिरवा, मोरपंखी असे. ते गेल्यावर आईने ते ट्रंकेत ठेवले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांचा रंग जवळजवळ गेला नाही. भाचीला ते सापडले आणि ती माझ्याकडे घेऊन आली, ''मावशी, मला बसतील असे करून दे.'' मी खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या. छातीवरचे दोन झाकणाचे खिसे तसेच ठेवले, कारण पावसात तेच दोन खिसे अंगाला आडोसा देतात. खाली गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारी पातळ नायलॉनची पँट. पायात रबरी सँडल. कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या, कपाळावर मोठी टिकली. खांद्याला मोडक्या छत्र्यांच्या कापडातून मी शिवलेली पिशवी, तिच्यात एक जोड कोरडे कपडे. ही तिची पावसाळ्यातली ओळख. ऑफिसमधल्या मुली लांबून ओळखायच्या, ''ती बघ, आजोबांचा शर्ट.''

यात हौस आहे आणि शहाणपणही आहे. शिकवणारी असल्यामुळे थोडं खोलात सांगते. टेरिकॉट म्हणजे बहुतेकदा 67 भाग पॉलिएस्टर आणि 33 भाग सूत. कापूस हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कुर्ता दादरला भिजला तर संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटलेला राहतो आणि टेरिकॉट पंख्याखाली तासाभरात वाळतो. जीन्सचं तर बोलूच नये. जुलैत धुतलेली जीन्स दोरीवर तीन दिवस कुबट वास देत लटकते. पांढरं किंवा फिकट कापड भिजलं की आरपार दिसतं. कोरड्या धाग्यांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो, म्हणून कापड दाट दिसतं. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उजेड सरळ पार जातो. गडद चौकडीला तो धोका कमी. आणि पँटच्या लांबीचं म्हणाल, तर पायघोळ पँटची खालची पट्टी एकदा पाण्यात बुडाली की पाणी धाग्याधाग्यातून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. घोटा बुडाला की थोड्याच वेळात गुडघाही ओला. त्यापेक्षा उघडी पोटरी बरी, रुमालाने पुसली की कोरडी. फक्त पायाला जखम नसावी आणि घरी येऊन पाय साबणाने धुवावेत. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू साचलेल्या पाण्यातून अशाच बारीक चिरांमधून शरीरात शिरतात, आणि 2005 च्या पुरानंतर या शहराने त्याची साथ पाहिली आहे. हे सगळं ती व्हिडिओत सांगायची. 8 तारखेच्या व्हिडिओतही लेप्टोचं वाक्य होतं.

त्या रात्री

दुपारपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. चारच्या सुमारास पुष्कळ अनुयायी असलेल्या एका अकाउंटने तिचा व्हिडिओ उचलला, पोटऱ्या दिसतात तिथे चित्र थांबवलं आणि वर एक टवाळ ओळ लिहून पुन्हा टाकला. तिथून झुंड आली. ''घरात बाप-भाऊ नाहीत का?'' ''मराठी मुलीला हे शोभतं का?'' मग भाव विचारणारे आले. मग तिच्यासोबत काय करायला हवं ते तपशिलात लिहिणारे आले. रात्री अकराला तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याच कुणाचं उघडं शरीर जोडलेला फोटो फिरू लागला.

''घरात बाप-भाऊ नाहीत का'' हे लिहिलं जात असताना तिचा बाबा पुढच्या खोलीत बसून तेच वाचत होता. पुढे त्याच्याबद्दल लिहिणार आहे.

तिने मला पावणेबाराला फोन केला. मी जे पहिलं वाक्य बोलले ते इथे लिहिणं मला जड जातं, पण ते गाळलं तर हे प्रकरण खोटं होईल. मी म्हटलं, ''तो व्हिडिओ काढून टाक आधी. आणि उद्यापासून पूर्ण पँट घालून जा.'' पँट मी स्वतः शिवलेली. ती लांबी का योग्य आहे हे मीच तिला शिकवलेलं. ती काही बोलली नाही, फोन ठेवला. भीतीने मी त्या माणसांचीच भाषा बोलले होते, माझ्या तोंडी फक्त ती मायेची वाटत होती.

तिच्या धाकट्या भावाने वेगळी चूक केली. एकेकाला आईबहिणीवरून शिव्या देत तो रात्री दोनपर्यंत लढत बसला. बहिणीच्या अपमानाला उत्तर म्हणून दुसऱ्या कुणाच्या बहिणीचा अपमान. त्यामुळे एक गोष्ट बिघडली: त्याच्या शिव्यांची तक्रार होऊन त्याचं अकाउंट बंद झालं, आणि चिडून त्याने तिच्या फोनवरून सगळ्यात घाणेरड्या प्रतिक्रिया पुसून टाकल्या. तोच पुरावा होता. तो आम्हाला परत मिळाला नाही.

चिंध्या निवडायला बसलो

बुधवारी ती माझ्याकडे आली. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, ''मावशी, तू तसं म्हणालीस तेव्हा मला वाटलं, आता कुणीच उरलं नाही.'' मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. वर्गात कापायचं काम संपलं की आम्ही उरलेल्या चिंध्या वेगळ्या करतो, कशाची गोधडी होईल, कशाचं पायपुसणं. तसेच उरलेल्या प्रतिक्रियांचे तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात कपड्यांबद्दल मत असलेली माणसं, अप्रिय असली तरी बोलण्याजोगी. दुसऱ्यात लैंगिक मजकूर, धमकी, बनावट फोटो. तिसऱ्यात ओळखीची माणसं. हा तिसरा ढीग तिने केला, मी त्याचा विचारही केला नव्हता. तो सगळ्यात लहान होता आणि सगळ्यात जड.

दुसऱ्या ढिगाशी कसलाही वाद घालायचा नाही असं ठरलं. तिथे उत्तर द्यायचं नाही, पुरावा गोळा करायचा. दिसतोय तो मजकूर, लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव-खूण, तारीख, वेळ आणि त्या पानाचा पत्ता एकत्र येतील असे स्क्रीनशॉट. शिवाय दुसऱ्या फोनने चित्रण, ज्यात त्या माणसाच्या पानावरून सलग त्याच्या प्रतिक्रियेपर्यंत जाताना दिसेल. मूळ फोन जपून ठेवायचा, त्यातलं काही पुसायचं नाही. 1 जुलै 2024 पासून, म्हणजे जेमतेम आठवड्यापूर्वी, नवे फौजदारी कायदे लागू झाले होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आम्हाला हे एका वकील मैत्रिणीने सांगितलं, नाहीतर आम्ही नुसते कागद छापून गेलो असतो.

अ‍ॅपवरचं तक्रारीचं बटण तिने दाबून पाहिलं होतं. ''नियमभंग आढळला नाही'' असं साचेबंद उत्तर येत होतं. एक कारण आमच्या लक्षात आलं: मराठीतली अश्लील शिवी यंत्राला ओळखता येत नव्हती, आणि ती इंग्रजी अक्षरांत तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिली की अजिबातच नाही. म्हणून नको ते शब्द असलेल्या प्रतिक्रिया आपोआप लपवणाऱ्या गाळणीसाठी शब्दांची यादी आम्हीच केली. देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत, मध्ये टिंब घालून, एक अक्षर बदलून. 50 वर्षांची मावशी आणि 25 वर्षांची भाची स्वयंपाकघरात बसून शिव्यांच्या स्पेलिंगची वही करत होत्या. पहिल्या पानावर दोघींचा हात थरथरत होता, चौथ्या पानापर्यंत तो नुसता मजकूर उरला.

बनावट फोटोसाठी मात्र बटणावर थांबलो नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं की नग्नता दाखवणारा किंवा चेहरा जोडून तयार केलेला फोटो असेल, तर त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणीही तक्रार केल्यापासून 24 तासांत कंपनीने तो हटवायला हवा. भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता अ‍ॅपने जाहीर केलेला असतो. त्या पत्त्यावर नियमाचा उल्लेख करून चार ओळींचं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो गेला. साध्या बटणाने तीन दिवसांत जे झालं नव्हतं, ते चार ओळींनी झालं.

पोलीस ठाण्यात

केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. पहिले अधिकारी कागद न बघताच म्हणाले, ''अकाउंट बंद करा ना, मॅडम. कशाला टाकायचं हे सगळं?'' भाचीने शांतपणे विचारलं, ''सर, कुणाचं बंद करू, माझं?'' ते म्हणाले, आरोपी कुठला ते माहीत नाही, हद्द आमची नाही. वकील मैत्रिणीने पढवून पाठवलं होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या महिला उपनिरीक्षकांनी फाइल मागून घेतली. त्यांनी एकेक कागद वाचला. मग म्हणाल्या, ''बस गं. पाणी घे.'' त्या दोन वाक्यांनी माझी भाची त्या आठवड्यात पहिल्यांदा रडली.

गुन्हा नोंदवला गेला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, आवाज, हावभाव. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67, म्हणजे अश्लील मजकूर ऑनलाइन पसरवणं. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून फाइल हलायला वेळ लागतो, हे आम्हाला नंतर कळलं.

मनात एक शंका होती. जुन्या दंड संहितेच्या कलम 509 पासून या तरतुदीत ''शब्द उच्चारणे'' अशी भाषा आहे. लिहिलेलं म्हणजे उच्चारलेलं का? ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अजय गडकरी आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने याचं उत्तर दिलं. ते प्रकरण एका हाउसिंग सोसायटीतलं होतं. एका बाईबद्दलचा आक्षेपार्ह मजकूर ईमेलने तिला आणि सोसायटीतल्या इतरांनाही पाठवलेला. ''उच्चारणे'' याचा अर्थ फक्त तोंडाने बोललेले शब्द इतका आखूड करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि 509 चा गुन्हा रद्द करायला नकार दिला. बातमी वाचल्याबरोबर भाचीने मला फोन केला. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जोर होता.

बिल्डिंगमधले काका

आता तिसरा ढीग. त्या सोमवारी सकाळीच, झुंड येण्याच्या कितीतरी आधी, तिचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला होता, वर ओळ: ''बघा आपल्या बिल्डिंगची हिरोईन. पाऊस तर बहाणा आहे.'' खाली 11 हसणारे चेहरे.

त्या ग्रुपवर माझी भाची नाही. तिचा बाबा आहे. त्याने ते सकाळी नऊला वाचलं होतं आणि तो गप्प बसला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिला वाटलं, बाबा आपल्यावर रागावलाय. बुधवारी रात्री तो म्हणाला, ''तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती मला. मी काहीच लिहिलं नाही तिथे.'' मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती. परक्या हजार माणसांनी लिहिलं ते तिने सोसलं. ओळखीच्या 11 जणांचं हसणं आणि घरच्या एकाचं गप्प राहणं तिला सोसलं नाही.

काय करायचं यावर घरात वाद झाला. बहीण म्हणाली, रोज जिन्यात तोंड बघायचं आहे, सोडून द्या. भावाला चार पोरं घेऊन जायचं होतं. भाचीने ठरवलं की ती स्वतः जाईल, आई-बाबा आणि मी सोबत, आणि काकू घरी असताना. इथे एक सांगते, हे प्रत्येकीने करावं असं नाही. समोरचा माणूस अंगावर येणारा असेल, पिणारा असेल किंवा आपल्याच घरच्यांचा भरवसा नसेल, तर जाऊ नये. आम्हाला काका ठाऊक होते.

17 जुलै, आषाढी एकादशी. काका वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन नुकतेच आले होते, कपाळावर बुक्का. काकूंनी वरीचे तांदूळ पुढे केले. भाचीने ताटली खाली ठेवली, फोन काढला आणि काकांनी लिहिलेली ओळ मोठ्याने वाचली. मग हसणारे चेहरे मोजून सांगितले.

''अगं, मी आपलं सहज टाकलं,'' काका म्हणाले. ''तुला वाईट वाटेल असं मनातही नव्हतं.''

''मला कुठे दाखवलंत, काका? मी नाहीच त्या ग्रुपवर. तुम्ही ते बाबांना दाखवलंत.''

कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, ''मी पाचवीत असताना पावसात तुम्ही मला छत्रीतून बसपर्यंत सोडायचात. फ्रॉकच असायचा माझा. तेव्हा पाय नव्हते का मला?''

काकांनी मान खाली घातली. ते म्हणाले, ''चुकलं माझं. सॉरी, बेटा.'' बहीण उठायला लागली, झालं म्हणून. भाची उठली नाही. ''काका, इथे नको. जिथे लिहिलंत तिथे लिहा.'' यावर ते चिडले, वयाचं काढलं, एवढ्या लोकांसमोर काय म्हणून विचारलं. तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, ''लिहिताना होतेच की एवढे लोक. लिहा आत्ता.''

त्यांनी लिहिलं. दोन ओळी, त्यात ''गैरसमज'' हा शब्द होता, तो तिने काढायला लावला. त्यांच्या खाली तिच्या बाबाने लिहिलं: ''मी हे सोमवारीच वाचलं होतं आणि गप्प बसलो. माझीही चूक आहे.'' हसणाऱ्या 11 पैकी तिघांनी रात्रीतून आपले चेहरे काढून घेतले. एक जण ग्रुप सोडून गेला. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीने, जिच्याशी भाचीची साधी तोंडओळख होती, दारात येऊन तिला नुसतं धरलं आणि गेली.

मासेवाली मावशी आणि उरलेला पहिला ढीग

''मराठी मुलीला शोभतं का'' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं असं भाचीच्या मनात होतं. जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे आमच्याकडे येणारी वरळीची कोळीण त्या दिवसांत सुकट-बोंबील विकते. तिला विचारून, तिच्या खुशीने, भाचीने तिच्या लुगड्याचं नेसणं चित्रित केलं. काष्टा घट्ट मारलेला, कापड गुडघ्याच्या जरा वरच, पोटऱ्या मोकळ्या. ती म्हणाली, ''पान्यात उभं रावाचं तर कापड वर घेयालाच पायजे.'' मी माझ्या आजीचं सांगितलं. राजापूरकडे चिखलणी झाली की बायका ओचा खोचून, डोक्यावर इरलं घेऊन, दिवसभर वाकून भात लावायच्या. त्यांच्या पोटऱ्यांना कुणी संस्कृती शिकवायला गेलं नाही. मुंबईतलं पावसाचं जुनं नेसणं गुडघ्याशीच थांबतं, आणि ते इथल्या मूळ रहिवाशांचं आहे.

व्हिडिओ छान झाला होता. टाकायच्या आधी तिने मला दाखवला आणि म्हणाली, ''मावशी, मला हे थोडं खटकतंय. कापड लवकर वाळतं, पाणी वर चढत नाही, कोळणी असंच नेसतात, सगळं खरं. पण ही कारणं नसती तर? मी नुसती आवडते म्हणून घातली असती तर त्यांनी लिहिलं ते चाललं असतं का?''

21 वर्षं मी मुलींना प्रत्येक टाक्याचं कारण विचारत आले आहे. या प्रश्नापुढे मला माझीच सवय अपुरी वाटली. ज्याने कपड्याबद्दल विचारलं त्याला कपड्याबद्दल सांगावं, ते सांगण्यात आनंद आहे. पण ज्याने तिच्या अंगाचा भाव विचारला, त्याला पॉलिएस्टरचे टक्के सांगत बसणं म्हणजे त्याचा प्रश्न रास्त होता असं मान्य करणं. शेवटी तिने व्हिडिओच्या टोकाला एक वाक्य जोडलं: ''आणि यातलं काहीच नसतं, तरी मी हीच पँट घातली असती. मला ती आवडते.'' लेप्टोबद्दल विचारणाऱ्या, शर्टाचा कट विचारणाऱ्या पुष्कळ मुली तिथे आल्या. दोन पुरुषांनी आपल्या आधीच्या प्रतिक्रियेबद्दल माफी मागितली. बाकीचे तसेच राहिले.

ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याने तो बनावट फोटो दुसऱ्याला दाखवला होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तिने तीन महिन्यांच्या मुदतीत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. त्याला लेखी समज मिळाली. पण टीम बदलली ती तिची. मला हे आजही अन्यायाचं वाटतं, आणि तिने तेव्हा दमून ते मान्य केलं, याचा तिला दोष देत नाही.

आज कुठे आहोत

फोटो बनवणाऱ्याची माहिती पोलिसांना नोव्हेंबरमध्ये मिळाली. दुसऱ्या जिल्ह्यातला, कॉलेजात शिकणारा 22 वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी बहिणीला फोन केला, पोराचं आयुष्य बरबाद होईल, तक्रार मागे घ्या. बहीण, जी काकांकडे जायलाही तयार नव्हती, म्हणाली, ''माझी पोरगी महिनाभर नीट जेवली नाही, तेव्हा तुमचा मुलगा काय करत होता ते त्याला विचारा.'' आरोपपत्राची आम्ही अजून वाट बघतो आहोत. बाकीच्या दोन अकाउंटचा माग लागला नाही, लागेल असं वाटत नाही.

भाचीने सहा आठवडे काही टाकलं नाही. मग पुन्हा सुरू केलं. प्रतिक्रिया आता फक्त तिला आधीपासून बघणाऱ्यांना देता येतात, आणि शब्दांची ती वही तिने आणखी तीन मुलींना दिली आहे. काका जिन्यात भेटले की बाजूला होऊन वाट देतात. पूर्वीसारखं बोलणं होत नाही.

2025 मध्ये पाऊस 26 मे लाच मुंबईत आला, तोवरच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. सोमवारच होता. बाकीचे शर्ट अजून ट्रंकेत, मी पाचवा शर्ट, तो मोरपंखी, कापायलाही घेतला नव्हता. सकाळी सातला भाचीचा फोन. मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती.

''मावशी, मोरपंखी झाला का?''

''नाही गं. जूनमध्ये करणार होते.''

''मग तपकिरीच घातलाय परत. संध्याकाळी येते मापाला. पँट एक बोटभर वर घेऊया का यंदा?''

मी मशीनवरचं कापड काढलं आणि तेल घालायला घेतलं.